समदृष्टी आणि उसातला बिबट्या

रविवार, रात्री उशिरा.

पीटर सिंगरच्या 'अ‍ॅनिमल लिबरेशन' (१९७५) या पुस्तकाचं आमचं ऑनलाइन सामूहिक वाचन आत्ताच संपलं. वेदना माणसाची की जनावराची, यावरून तिचं मोल ठरू नये, हा त्याचा गाभा. वाचताना नेवासं मनात होतं. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. त्याच गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा यांच्याकडे समदृष्टीने पाहणाऱ्याला ज्ञानी म्हटलं आहे.

मग अकोल्याच्या ताईंनी विचारलं, "बिबट्यानं शेळी नेली, तर कुणाच्या बाजूनं उभं राहायचं?"

क्षणभर सगळे गप्प. मला टाकळी ढोकेश्वरचा 'आजोबा' आठवला. २००९ मध्ये विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तिथून शंभराहून अधिक किलोमीटर चालत, वस्त्यांच्या कडेकडेनं तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. त्याला पकडून दूर सोडणं हे उत्तर नव्हतं, एवढं त्याच्या चालण्यानं दाखवलं.

शेळीचीही वेदना खरी, आणि तिच्यावर घर चालवणाऱ्या बाईचीही. म्हणून समदृष्टीची सुरुवात मला भक्कम, बंदिस्त गोठ्यापासून आणि वेळेवर मिळणाऱ्या भरपाईपासून करावीशी वाटते. उसाच्या कडेला राहणाऱ्यांवर सारा भार टाकून शहरातून भूतदया सांगणं अन्यायाचं आहे. पुढच्या रविवारी ताईंच्या प्रश्नापासूनच वाचन सुरू करायचं, असं सगळ्यांनी ठरवलंय.