दोन वर्षं काहीच नाही

माझा पहिला रेझ्युमे तालुक्याच्या सायबर कॅफेत टाइप झाला. जात, धर्म, अविवाहित, छंद : वाचन व क्रिकेट. लग्नालाही तोच चालला असता.

पुण्यात रूममेटने तो कॅनव्हावर नव्याने करून दिला. दोन कॉलम, गोल फोटो, एक्सेलला पाचपैकी चार तारे. (दिले कुणी? मीच.) दिसायला एकदम भारी, पण तीन महिन्यांत एक फोन नाही. मग ओळखीतली एक ताई म्हणाली, "पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघ." टाकला, तर डावा कॉलम उजव्यात घुसलेला, माझी पदवी मोबाईल नंबरच्या मधोमध. अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर हेच वाचत असेल तर फोन कुठून येणार?

एकच कॉलम केला. तारे, फोटो, जात, धर्म सगळं काढलं. आडनाव कसं काढणार? सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा 2007चा अभ्यास आहे : पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी, तरी दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना प्रतिसाद कमी. त्यावर कुठल्याच टेम्प्लेटमध्ये इलाज नाही.

ताईचं बोट 2021 ते 2023वर थांबलं.

"इथे काय केलंस?"

"काही नाही. घरीच होतो."

खरं तर आण्णांचं ऑपरेशन झालं होतं आणि गावातलं आमचं दूध संकलन केंद्र मी चालवत होतो. पहाटे पाचला शटर वर. प्रत्येकाच्या दुधाचं फॅट, एसएनएफ काढायचं, पावती द्यायची. गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5 लागलं नाही की भाव कमी, आणि मग समोरचा काका मशीनवर नाही, माझ्यावर डाफरायचा. दर दहा दिवसांनी सगळ्यांचं बिल. वहीतला हिशेब मी एक्सेलवर आणला तो तिथेच. आणि ही दोन वर्षं मी लपवत होतो, कारण शेणाचा वास येईल असं वाटायचं.

ताईने सगळं ऐकलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "हेच लिही."

लिहिलं : 56 शेतकरी, रोज दोन वेळा संकलन, दहा दिवसांची बिलं.

ती पीडीएफ आण्णांना पाठवली. रात्री त्यांचा फोन. "छप्पन्न कुठले रे? सत्तावन्न. वरच्या वस्तीवरची मावशी विसरलास. एकच गाय आहे तिची, पण एक दिवस चुकली नाही."

आकडा बदलला.