दोन दांड्यांमागचं पाणी

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपेपर्यंत मी असा एकही प्रयोग केला नव्हता, ज्याचं उत्तर सरांना आधीपासून ठाऊक नव्हतं. आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये व्हेंचुरीमीटर आहे. बहुतेक कॉलेजांत असतो. पाइपचा मधला भाग निमुळता, दोन ठिकाणांहून नळ्या काढून पाऱ्याच्या मॅनोमीटरला जोडलेल्या. पाणी सोडायचं, पाऱ्याच्या पातळ्यांतला फरक वाचायचा, मोजटाकी भरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि शेवटी एक गुणांक काढायचा. तो ०.९७-०.९८च्या आसपास यायला हवा, हे पहिल्याच तासाला सांगितलेलं असतं. त्यामुळे अख्ख्या बॅचचा तो तेवढाच येतो. कुणाचा ०.८२ आला तर ‘रीडिंग पुन्हा घे’ म्हणतात. पण पुढची बॅच दाराशी उभी असते, जर्नल शुक्रवारी सबमिट करायचं असतं आणि गेल्या वर्षीच्या मुलांची जर्नलं हॉस्टेलवर असतातच. तो ०.८२ का आला, हे विचारायचं राहून जातं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल. मोजटाकीचा खालचा व्हॉल्व्ह गळत असेल. शोधायला गेलं तर एक दुपार जाईल. पण त्या दुपारी जेवढं कळेल तेवढं सत्रभरात कळत नाही, असं मला आज ठामपणे वाटतं.

मी पुलगावची. शिकायला नागपूरला, हॉस्टेलवर. मेकॅनिकलला आमच्या वर्गात मुली मोजक्याच. तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा ही म्हटली तर कॉलेजची शेवटची मोठी सुट्टी, पण ती सुट्टी कुणी सुट्टीसारखी घेत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कंपन्या कॅम्पसवर यायला लागतात. त्याआधी अॅप्टिट्यूड, कोडिंग, मॉक इंटरव्ह्यू. मैत्रिणी क्लास लावत होत्या, तेव्हा मी जर्मनीतल्या प्राध्यापकांना मेल पाठवत होते. बहुतेकांकडून उत्तर आलं नाही. गटिंगेनहून एका प्राध्यापकांचं आलं, तीनच ओळींचं: आमच्याकडे पाण्याचा एक चॅनल आहे, एक प्रश्न आहे, शिष्यवृत्ती मिळाली तर या. ती मिळाली.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. त्यांनी खर्चाचं नाही विचारलं, प्लेसमेंटचं नाही विचारलं. ‘काम काय करायचं आहे तिथं?’ एवढंच विचारलं. मी सांगितलं, वाहत्या पाण्यात दोन गोल दांडे शेजारी शेजारी उभे करायचे आणि त्यांच्या मागे पाणी कसं वाहतं ते बघायचं. बाबा म्हणाले, ‘हे तर वर्धेच्या पुलावर उभं राहून दिसते.’

खरंच दिसतं. पावसाळ्यात वर्धा नदी दुथडी भरून वाहते तेव्हा पुलाच्या खांबामागे भोवरे सुटतात. नीट पाहिलं तर ते एकदा डावीकडून सुटतात, एकदा उजवीकडून, पाळीपाळीने. पाण्याचा वेग आणि खांबाची जाडी माहीत असली की किती वेळाने एक भोवरा सुटेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. चिमण्या, लोंबत्या तारा, पुलांचे खांब उभारताना हे गणित करावंच लागतं, कारण भोवऱ्यांची लय आणि त्या वस्तूची स्वतःची लय जुळली की वस्तू हलायला लागते. एका खांबामागची ही गोष्ट पुस्तकात आहे. दोन खांब जवळजवळ आले की मात्र पुस्तकाची पानं कमी पडतात.

मेच्या मध्यावर नागपूर चव्वेचाळीस अंशांवर सोडलं आणि गटिंगेनच्या स्टेशनवर जॅकेट घालून उतरले. गाव सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं, त्यात विद्यार्थ्यांचाच भरणा. रहायला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली, सामायिक स्वयंपाकघर. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवायची. जूनमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड. आजी फोनवर विचारायची, ‘अजून उजेडच हाये तर झोपतेस कव्हा वं?’ नवलाई सगळी होती, पण ती लवकर ओसरली. टिकला तो चॅनल.

चॅनल म्हणजे काचेच्या भिंतींचा लांब हौद. पाणी एका टोकाने शिरतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीतून गाळून निघतं, तिथे त्याची खळबळ मोडते आणि मग ते शांतपणे, दर सेकंदाला सुमारे दहा सेंटिमीटर या चालीने पुढे सरकतं. त्यात सेंटिमीटरभर जाडीचे दोन पॉलिश केलेले दांडे उभे. या मापांवर एका दांड्यामागे सेकंदाला साधारण दोन वेळा भोवऱ्यांची जोडी सुटते. पाणी कसं वाहतंय हे कळावं म्हणून त्यात काचेचे पोकळ मणी मिसळलेले असतात, इतके बारीक की चिमटीत धरले तर पीठ वाटावं. हिरव्या लेसरचा पातळ पडदा पाण्यात आडवा सोडायचा, त्यात मणी चमकतात, कॅमेरा पाठोपाठ दोन फोटो घेतो आणि कुठला मणी किती सरकला यावरून संगणक जागोजागचा वेग काढतो. लेसर चालू असताना नारिंगी गॉगल घालावा लागतो, आणि गॉगल घातला की हिरवा उजेडच दिसत नाही. म्हणजे ज्यासाठी आपण उभे आहोत ते डोळ्यांना नाही, फक्त संगणकाच्या पडद्यावर दिसतं.

म्हणून माझ्या गाइडने, म्हणजे तिथे पीएचडी करणाऱ्या एका मुलीने, पहिल्या आठवड्यात मला लेसरला हातच लावू दिला नाही. तिने इंजेक्शनची सिरिंज आणि खायचा रंग दिला. ‘आधी बघ,’ म्हणाली. दांड्यांच्या अलीकडे सुईतून रंगाची बारीक रेघ सोडायची आणि काचेला नाक लावून बसायचं. रेघ दांड्याला भिडते, चिकटल्यासारखी त्याच्या अंगावरून फिरते, मग एका जागी सुटते आणि गुंडाळत जाते. ती सुटायची जागा डोळ्यांनी पाहिली, तेव्हा सीमास्तर म्हणजे काय ते मला समजलं. त्यावर परीक्षेत मी चांगले मार्क मिळवले होते. पृष्ठभागाला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थराची ही कल्पना लुडविग प्रांटल यांनी १९०४मध्ये मांडली आणि त्याच वर्षी ते गटिंगेनला आले. त्यांचा पहिला चॅनल हाताने दांडी फिरवून चालायचा, आणि पाण्यात चकचकीत खनिजाची भुकटी टाकलेली असायची.

पाण्याशी वागायची एक रीत मला तिथेच कळली. नळाचं ताजं पाणी भरून लगेच प्रयोग करायचा नाही. त्यात हवा विरघळलेली असते, पाणी खोलीच्या तापमानाला आलं की ती हवा दांड्यावर बारीक बुडबुडे होऊन बसते, आणि गुळगुळीत दांडा खरखरीत होतो. संध्याकाळी भरून ठेवायचं, सकाळी मऊ ब्रशने दांडे पुसायचे, मग सुरुवात. थर्मामीटर सतत पाण्यात. एका अंशाने तापमान वाढलं तर पाण्याचा चिकटपणा दोन टक्क्यांहून जास्त घटतो. हे सगळं वहीत, शाईने, वेळ घालून. पानांवर क्रमांक छापलेले. पान फाडायचं नाही, खोडलं तर खालचं वाचता यायला हवं.

दोन दांड्यांच्या केंद्रांमधलं अंतर व्यासाच्या दीडपट ठेवलं होतं. अशा वेळी मधल्या फटीतून येणारं पाणी सरळ जात नाही. ते एका दांड्याकडे झुकतं, त्या दांड्यामागचे भोवरे लहान आणि घाईचे होतात, दुसऱ्यामागचे मोठे आणि संथ. दोन्ही दांडे सारखे, पाणी सारखं, तरी झुकतं. मग कधीतरी, बाहेरून काहीही न बदलता, ते दुसरीकडे पलटतं. हे पलटणं संशोधकांना गेल्या शतकापासून माहीत आहे. ते कधी पलटेल हे सांगता येत नाही, आणि पलटण्याच्या आधी पाण्यात काही खूण दिसते का, हा मला दिलेला प्रश्न होता.

कधी मिनिटा-दोन मिनिटांत पलटायचं. कधी पाऊण तास बसून राहिलं तरी नाही. मी गाइडला विचारलं, सरासरी स्थिर यायला किती वेळ रेकॉर्ड करायचं? तिने सांगितलं, सरासरी काढलीस तर दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतील आणि पाणी सरळ जातं असं दिसेल, जे ते एक क्षणही जात नाही. आणि मग तिने हीमेन्त्सची गोष्ट सांगितली.

१९११च्या सुमाराची. कार्ल हीमेन्त्स हा प्रांटल यांचा पीएचडीचा विद्यार्थी. त्याला एका दांड्याभोवतीचा दाब मोजायचा होता आणि त्यासाठी पाणी स्थिर वाहायला हवं होतं. ते वाहीना, सारखं डोलायचं. प्रांटल म्हणाले, दांडा पुरता गोल नसेल. त्याने तो घासून घासून गोल केला. तरी डोलतंच. मग चॅनल दोन्ही बाजूंनी सारखा नसेल. तोही नीट केला. त्याच प्रयोगशाळेत तिशीतला एक तरुण संशोधक होता, थिओडोर फॉन कार्मान. तो रोज सकाळी येऊन विचारायचा, झालं का स्थिर? आणि हीमेन्त्स उतरल्या चेहऱ्याने सांगायचा, नाही, डोलतंय. शेवटी कार्मानच्या मनात आलं की हे नेहमीच डोलत असेल तर त्याला काही कारण असलं पाहिजे. त्याने गणित मांडलं, आणि एका दांड्यामागची ती भोवऱ्यांची दुहेरी रांग आज त्याच्या नावाने ओळखली जाते.

ही गोष्ट ऐकताना मला हीमेन्त्सबद्दल फार आपुलकी वाटली. दांडा त्याने घासला होता. त्याने तो इतका चोख गोल केला नसता, तर ‘दांड्यातच खोट आहे’ म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला असता. कार्मानला जो विचार करता आला, तो हीमेन्त्सने बाकी सगळ्या शंका आधी संपवल्या होत्या म्हणून. आमच्या लॅबमध्ये असं घासणारा मुलगा वेळ घालवतोय म्हणून बोलणी खातो.

रविवारी मी गावात फिरायचे. जुन्या वस्तीभोवतीच्या तटबंदीवर झाडांखालून वाट आहे, ती चालायचे, आणि शहराच्या दफनभूमीत जायचे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक तिथे आहेत; त्यांच्या दगडावर नावाखाली त्यांच्या स्थिरांकाचा आकडा कोरलाय. मॅक्स बॉर्न यांच्या दगडावर समीकरण. गणितज्ञ एमी नोएथर मात्र तिथे नाहीत. त्या इथल्याच विद्यापीठात शिकवायच्या. सुरुवातीची वर्षं त्यांची व्याख्यानं तिथलेच प्राध्यापक हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर व्हायची, कारण बाईला शिकवायचा हक्क नव्हता. तो १९१९मध्ये मिळाला. १९३३मध्ये ज्यू म्हणून त्यांना आणि बॉर्न यांना काढलं. नोएथर अमेरिकेत गेल्या आणि दोन वर्षांत वारल्या. प्रांटल राहिले, आणि त्यांची विमानविद्येची संस्था त्याच काळात खूप वाढली. ज्या गावाकडून मी इतकं शिकत होते, त्या गावाने आपली इतकी माणसं एका वर्षात हाकलली, हे मला दुखतं. त्या संस्थेच्या वाढीबद्दल वाचताना आधी हेच आठवतं.

जुलैत कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्या कंपनीची यादी आली. भारत साडेतीन तास पुढे, त्यामुळे सकाळी सातला ऑनलाइन टेस्ट. ती दिली. दुसऱ्या कंपनीची दिली नाही, कारण त्या सकाळी चॅनल माझ्या नावावर होता आणि आदल्या रात्री पाणी भरलेलं होतं. आईला हे कळलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘जेवून राहिली ना नीट?’ या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

खूण सापडली का? पलटण्याच्या थोडं आधी लहान भोवऱ्यांच्या बाजूची लय अडखळते, असं बऱ्याच नोंदींत दिसलं. सगळ्यांत नाही. प्राध्यापकांनी वही उलटून पाहिली, जिथे दिसलं नाही ती पानं वेगळी काढायला सांगितली आणि म्हणाले, पुढचा माणूस इथून सुरू करेल.

आता शेवटचं सत्र चालू आहे. नोव्हेंबरमध्ये एका कंपनीत माझी निवड झाली, आणि एम.एस.चे अर्जही गेले आहेत. यातलं काय करायचं ते अजून ठरायचं आहे. आमच्या कॉलेजच्या सिव्हिल विभागात एक जुना फ्लूम वापराविना पडून होता. आम्ही तिघांनी प्रोजेक्टसाठी तो मागून घेतला. पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, सिरिंज, खायचा रंग, वरून मोबाइलचा कॅमेरा. विभागप्रमुख सरांनी तिसऱ्या वर्षाच्या एका बॅचला त्यावर प्रॅक्टिकल करायला परवानगी दिली, उत्तर आधी न सांगता. मुली-मुलं पहिल्यांदा गोंधळली. पुढच्या वेळी वेळ संपला तरी उठेनात.

आमच्याकडे पाणी पलटतं, पण डावीकडे जास्त वेळ थांबतं. पाइप अदलाबदल करून पाहिले, जाळी बदलली, पंप बदलला; डावीकडेच. ज्युनिअरांपैकी एकीचं म्हणणं आहे की फ्लूमचा तळच एका अंगाला कलला आहे. रविवारी बाबा पुलगावहून पाणसळ घेऊन येताहेत.