लोड बॅलन्सिंग

आमच्याकडे १९९८ साली घेतलेलं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. वरून झाकण उघडायचं, डावीकडे धुवायचा टब, उजवीकडे पिळायचा. डिस्प्ले नाही, बीप नाही, फक्त खटके आणि चावीसारखा फिरवायचा टायमर. आईशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, हा घरातला अलिखित नियम. गेल्या महिन्यात आईचं मनगट मोडलं आणि शनिवारचं धुणं माझ्याकडे आलं.

म्हटलं, त्यात काय एवढं! टब गच्च भरला, वरून दोन मापं पावडर भुरभुरली, टायमर पंधरावर. कपडे निघाले ते पांढरे चट्टे घेऊन, कॉलर काळीच्या काळी. उजवा टब तर असा थडाथडा नाचला की खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

"आई, हे भंगारात देऊ, नवीन घेऊ," मी जाहीर केलं.

"दे. नाहीतरी माझा हात आता कुठला चालतोय पूर्वीसारखा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

हे मात्र लागलं.

रविवारी मशीनशेजारी खुर्ची टाकून तिला बसवलं. "तू फक्त सांग, मी करतो."

तर मंडळी, या यंत्राचं मॅन्युअल आईच्या डोक्यात होतं! पावडर आधी बादलीत कोमट पाण्यात विरघळवायची; थंड पाण्यात तशीच टाकली तर कपड्यांना चिकटून बसते. टब नळाच्या पाण्याने भरायचा, बोअरचं पाणी जड, त्यातले क्षारच पावडर खातात. कपडे मावतील त्याहून कमी टाकायचे. तळाची चकती पाणी घुसळते, कपड्यांना फिरायला जागाच नसेल तर नुसता गोळा गरगरतो. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, हा माझा गैरसमज. फेसाने कपड्यांचं घर्षण उलट कमी होतं. कॉलरला आधी साबण लावून वीस मिनिटं भिजत ठेवायचं. मग त्याच पाण्यात आधी पांढरे, मग फिके, शेवटी गडद.

आणि खरी गोम ही, की खळबळण्याआधी एकदा पिळून घ्यायचं. साबणाचं पाणी तिथेच निघून जातं, मग दोन पाण्यांत काम भागतं.

पिळायच्या टबात कपडे गोल, सगळीकडे सारखे दाबून बसवायचे, वर प्लास्टिकची चकती ठेवायची. एका बाजूला जीन्स आणि दुसरीकडे रुमाल असं ठेवलं, तर तो नाचणारच. ऑफिसात दिवसभर सर्व्हरचं लोड बॅलन्सिंग करणाऱ्या माणसाला हे आईने शिकवावं!

संध्याकाळी तिने डाव्या हाताने शर्टाची कॉलर उलटून पाहिली, बोटाने चोळली, नाकाला लावली.

"पुढच्या वेळी पाणी बेताचं घे," ती म्हणाली.

भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत. असो, बाहेर टायमर वाजतोय, पिळायचं आहे.