पामाची थाप

१२ जून
कॅरन लॉर्ड या बार्बाडोसच्या लेखिकेची ‘रिडेम्प्शन इन इंडिगो’ (२०१०) वाचायला घेतली. निवेदक गोष्ट सांगता सांगता श्रोत्यांशी हुज्जत घालतो. गुत्त्यात बसलेल्या दोघांना बोलणारा कोळी दिसतो. एवढ्याशा दारूत असं कसं होईल, ही शंका निवेदक आपणच काढतो आणि तिकडची दारू काय चीज आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, असं सुनावून पुढे सरकतो. कीर्तनकाराची सवय आहे ही.

१३ जून
कादंबरीचा पहिला भाग सेनेगलच्या एका लोककथेवर उभा आहे. अन्सिगे कमालीचा खादाड. बायको पामा हाताला चव असलेली, त्याला कंटाळून माहेरी गेलेली. हा तिला न्यायला येतो आणि खाण्यापायी रोज नवा तमाशा करतो. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं आपण म्हणतो. या गड्याचं डोकं खरोखरच उखळात अडकतं. लोककथेतली पामा तोंड वर करून गावाला सांगते, आमची पैज लागली होती, उखळ मोठं की यांचं डोकं मोठं, म्हणून ते मापून बघत होते! नवऱ्याची अब्रू शाबूत राहते. सोडून आलेल्या नवऱ्यासाठी एवढा खटाटोप!

१५ जून
ही मापाची थाप कुठे तरी वाचलेली. रॅट्रे यांचा १९३० सालचा अशांती लोककथांचा संग्रह काढला. घानातला अनान्सी कोळी आकाशदेव न्यामेकडे जगातल्या सगळ्या कथा मागतो. मोबदल्यात अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या असं काय काय आणून द्यायचं. अजगरापाशी जाऊन तो वाद उकरून काढतो: तू लांब की ही ताडाची फांदी? अजगर मापासाठी फांदीशेजारी आडवा होतो आणि वेलीने बांधला जातो. फांदी आणि वेल घे, हे सुचवलं कुणी? अनान्सीच्या बायकोने, आसोने. नाव मात्र आजतागायत कोळ्याचं! गुलामांच्या जहाजांतून ते जमैकापर्यंत पोचलं, आसोला तिकडे कोण विचारतो?
लॉर्डबाईंच्या पुस्तकात कोळी दुय्यम आहे, हे म्हणूनच मला फार आवडलं.

१८ जून
संपवली. पुढे पामाच्या हाती अमर शक्तींकडची एक काठी येते. जे घडण्याचा संभव अगदी थोडा, ते घडवून आणण्याचं बळ तिच्यात आहे. लेखिका एके काळी भौतिकशास्त्र शिकवायची, ते इथे कळतं. काठीचा मूळ धनी, निळ्या कातडीचा, पामाला ठिकठिकाणी फिरवून काठी परत मागतो. इथे पुस्तक थोडं उपदेशाला लागतं. संवाद लांबतात, निवेदकाचा खट्याळपणाही उतरतो. २०११ साली याला मिथोपोइक पुरस्कार मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण अन्सिगेला इतक्या लवकर मागे टाकायला नको होतं. तो खादाड आणखी पन्नास पानं सहज चालला असता.