फाल्गुनातील वस्त्रे

फाल्गुन महिना मोठा लहरी! शिशिर पुरता सरलेला नसतो आणि वसंत अजून उंबरठ्याबाहेरच उभा असतो. आमच्या पुण्यात पहाटे पारा कधीकधी १२-१३ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ३२ अंशांपलीकडे चढतो. हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. समुद्रकाठच्या मुंबईत हा फरक एवढा जाणवत नाही.

अशा दिवसांत एका जाड कोटापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घालणे मला अधिक रुचते. त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा अंगाची ऊब राखते. ऊन चढले, की वरचा कपडा उतरविता येतो.

या विद्येतला माझा गुरू म्हणजे माळावरचा मेंढपाळ. त्याच्यापाशी एकच घोंगडी असते. पहाटे तो ती अंगाभोवती लपेटतो, दुपारी घडी करून खांद्यावर टाकतो आणि अवचित सर आली, तर तिचीच खोळ करून डोक्यावर घेतो. गारपिटीपुढे मात्र घोंगडीही अपुरी पडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रात अशीच गारपीट झाली आणि हाताशी आलेली पिके आडवी झाली. ऋतूची लहर ही आपल्याला केवळ गैरसोय वाटते; उघड्यावर राबणाऱ्यांवर ती संकट होऊन कोसळते.

म्हणून मुलांनो, फाल्गुन सरेपर्यंत उबदार कपडे पेटीत बंद करू नका. आणि एखादा जास्तीचा असेल, तर तो पेटीत ठेवण्याऐवजी गरजू माणसाच्या अंगावर जाऊ द्या.