हिरड्यांची थकबाकी

डोंबिवलीच्या फडके रोडवर ३० वर्षे कापडाचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांना रोज सकाळी दात घासताना चुळीत रक्त दिसे. पत्नीने दवाखान्याचे नाव काढले की ते हसून म्हणत, “मुनिमहाराज तर दातही घासत नाहीत.” अदंतधावन हा दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांपैकी एक, हे खरेच. “अहो, महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात,” पत्नी उत्तरली, “तुमचा चहा-बिस्किटांचा हिशेब कोणी ठेवायचा?”

२ वर्षांनी एक दाढ हलू लागली, तेव्हा सूनबाई त्यांना ठाण्याच्या तज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. तज्ज्ञांनी बारीक सळईने हिरडी व दात यांमधील खाच मोजली. निरोगी हिरडीत ती ३ मिलिमीटरपर्यंत असते. इथे ती ६ भरली. हिरडीखाली साचलेल्या कीटणामुळे दाह होतो आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. दुखत मात्र फारसे नाही; म्हणूनच रोग उशिरा कळतो. त्यात गृहस्थांना मधुमेह. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहणे कठीण होते.

उपाय होता खोल सफाईचा. “साफसफाईने दात सैल होतात,” असे शेजारच्या दुकानदाराने बजावले होते. वस्तुतः दात सैल करतो तो रोग. कीटण निघून सूज ओसरली की आधीच पडलेल्या फटी केवळ उघड्या दिसतात. भूल देऊन, एका वेळी तोंडाची एक बाजू, अशा २ भेटींत दातांची मुळे खरवडून गुळगुळीत करण्यात आली. काही दिवस थंड पाण्याने दात शिवशिवले. दीड महिन्याने फेरतपासणी झाली, तेव्हा रक्त थांबले होते, खाचाही उथळ झाल्या होत्या. ती हलणारी दाढ मात्र वाचली नाही. झिजलेले हाड या सफाईने परत येत नाही.

आता ते दर ३ महिन्यांनी तपासणीसाठी ठाण्याची लोकल पकडतात. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होतेच. त्यानंतर दात घासून मगच ते चौविहाराचा नियम घेतात. चुळीचे पाणी आता स्वच्छ असते. जिभेला दाढेची रिकामी जागा लागली की पत्नीचा तो प्रश्न त्यांना आठवतो.