मापाची वही

आमच्या घराचा इतिहास दोन ठिकाणी नोंदवलेला आहे. एक फोटोंच्या अल्बममध्ये आणि दुसरा आईच्या मापाच्या वह्यांमध्ये. दोन्हींत तफावत निघाली तर मी वहीवर विश्वास ठेवते.

वही लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, वाण्याच्या दुकानात उधारी मांडायला असते तसली. पानावर वरती नाव आणि खाली एकाखाली एक छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, बाही, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा, उंची. सगळं इंचांत. कापड आई मीटरने घेते, पण तिचं डोकं इंचांतच चालतं आणि मधला हिशेब ती तोंडी करते. पुढून गिऱ्हाइकांची मापं, वही उलटी केली की घरच्यांची. समासात बारीक अक्षरात शेरे असतात : ‘मान आखूड, बंद गळा नको’, ‘पोट सुटलंय, बोलू नये’, ‘डावा खांदा अर्धा इंच उतरता’. हा उतरता खांदा माझा. शाळेच्या प्रगतिपुस्तकातही माझ्याबद्दल इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं.

अल्बममध्ये मात्र माझे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत. मुंजीतल्या फोटोत, दहावीनंतरच्या, लग्नातल्या, सगळीकडे. कारण माझ्या प्रत्येक फ्रॉकच्या, ब्लाउजच्या, कुडत्याच्या डाव्या खांद्यात अस्तराच्या आत कापसाची एक चपटी गादी बसवलेली असे. बाहेरून बोट फिरवलं तरी लागायची नाही. मला स्वतःला ती फार उशिरा कळली, जुना फ्रॉक उसवताना.

आई मूळची कोल्हापूरची, त्यामुळे भानू अथय्या तिच्यासाठी कायम ‘आमच्या गावच्या’. 1983 साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्या जोडीनं ऑस्कर मिळालं. एखाद्या भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. आई तेव्हा पुण्यात वाड्याच्या मागच्या खोलीत पायमशीन चालवत होती आणि लोक तिला ‘शिवणवाल्या बाई’ म्हणत. पण तिला त्या खादीपेक्षाही जास्त कौतुक ‘ब्रह्मचारी’तल्या मुमताजच्या केशरी साडीचं. 1968 चा सिनेमा, साडी भानूताईंची, आणि ती नेसवलेली नव्हे, चक्क शिवलेली. टीव्हीवर त्या साडीतलं गाणं लागलं की आई मशीन थांबवून पुढे सरकायची. मुमताजसाठी नाही, चेन कुठे लपवलीय ते हुडकायला.

पुढे 1986 मध्ये दिल्लीत फॅशन शिकवणारं निफ्ट निघालं, 1995 मध्ये मुंबईत आलं, आणि त्याच सुमारास आमच्या दारावर ‘फॅशन डिझायनर’ अशी पाटी लागली. काम तेच राहिलं. फक्त शिलाईचे दर वाढले, तेही गिऱ्हाइकांनी आपणहून वाढवून दिले.

घरच्यांचा फोटो काढायला आम्ही लक्ष्मी रोडवरच्या एका स्टुडिओत जायचो. मागे रंगवलेला जिना, बाजूला प्लास्टिकची फुलं, छत्र्यांखालचे दिवे. फोटोग्राफर आमच्या हनुवट्या वर-खाली करायचा आणि आई त्याच्या मागून येऊन आमच्या कॉलरी. शेवटी तो वैतागून म्हणायचा, “वहिनी, तुम्हीपण बसा आता.” तिला कॅमेऱ्याचं यंत्र कळत नव्हतं, पण कॅमेरा कापडाचं काय करतो ते पक्कं माहीत होतं. पांढरंशुभ्र नको, दिव्यात त्याची चुणी मरते. काळंभोर नको, बटणपट्टीसुद्धा दिसत नाही. बारीक चौकडा तर नकोच. हे तिसरं मला डिजिटल कॅमेरे आल्यावर समजलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची ठिपक्यांची जाळी आणि कापडाचा चौकडा एकमेकांवर आले की फोटोत भलत्याच लाटा उमटतात. धूपछाँव कापडाचीही तिला काळजी. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, माणूस हलला की कापड रंग बदलतं. फोटोत त्यातला एकच रंग अडकतो. तो कुठला, हे ती स्टुडिओच्या दिव्याखाली कापड धरून आधी ठरवून यायची.

माझ्या आजीचा एक जुना फोटो आहे, त्यात तिचं कुंकू काळंकुट्ट दिसतं. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटायचा. हे कारण मी पुढे वाचलं. आईनं मात्र तो फोटो बघून एवढंच म्हटलं होतं, “मग लुगडंही लालच असणार. काळं नेसून फोटोला कोण बसतंय?”

गेल्या वर्षी माझ्या लेकीनं घरच्या सगळ्यांचं फोटोसेशन ठरवलं. फोटोग्राफर तरुण आणि नम्र. त्यानं आधीच निरोप धाडला : सगळ्यांनी पांढरे शर्ट आणि निळ्या जीन्स घाला, छान दिसतं. आईनं निरोप ऐकला आणि म्हणाली, “बँडपथक आहे का आपलं?”

मग तिनं खण काढला. गुळेदगुड्डचा, बदामीजवळच्या त्या गावात विणलेला. काठ गर्द, अंगावर बारीक बुट्टे. हत्तीच्या पावलाचा बुट्टा त्यातला मला सगळ्यांत आवडतो. खण म्हणजे मुळात चोळीचं कापड, ओटीत घालायचं, पन्हा अरुंद. त्यातून मोठ्या माणसाचं अख्खं वस्त्र काढायचं तर जोड द्यावे लागतात आणि जोड दिला की बुट्टा तुटतो. आईनं अख्खं वस्त्र कुणालाच शिवलं नाही. लेकीच्या स्कर्टला काठ, माझ्या कुडत्याला योक, दादाच्या शर्टाला आतून पट्टी, जी कॉलर उघडली तरच दिसेल. सगळ्यांत मिळून एकच कापड, पण कुणी कुणासारखं नाही.

बाबांसाठी मात्र जाकीट. बाबांना आता पोक आलंय. तयार जाकीट घातलं की ते पाठीवर उचललं जातं आणि पुढं खाली लोंबतं. आईनं आधी मांजरपाटाचं कच्चं जाकीट धावदोऱ्यानं शिवलं आणि बाबांना खिडकीजवळ उभं केलं. बाबा ताठ उभे राहायला गेले. “तसे नको, नेहमीसारखे उभे राहा,” आई म्हणाली. बाबांनी खांदे सोडले. मग तिनं पाठीच्या मधोमध कातर चालवून मांजरपाट आडवा कापला, फट उघडू दिली आणि त्यात पट्टी सरकवून टाचण्या लावल्या. पुढच्या बाजूला तेवढीच आडवी चुणी घेऊन लांबी कमी केली. खडूनं खुणा केल्या. तोंडात टाचण्या धरूनच तिनं मला आकडे सांगितले आणि मी वहीत लिहिले : पाठ पावणेअठरा, पुढे साडेसोळा. जुन्या पानावर बाबांची हीच दोन मापं जवळपास सारखी होती. ते पान आम्ही दोघींनी पाहिलं. बाबांना दाखवलं नाही.

सेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बागेत ऊन होतं, भाचा रडला, फोटोग्राफर “नॅचरल, नॅचरल” म्हणत राहिला आणि आई प्रत्येक क्लिकआधी कुणाची तरी बाही ओढत राहिली.

गंमत नंतर झाली. फोटो आले ते अगदी गुळगुळीत. त्या मुलानं मन लावून सगळं साफ केलं होतं : चेहरे, हात, आणि कपडेही. कोपरावरच्या, कमरेवरच्या, बसल्यावर मांडीवर पडलेल्या घड्या सगळ्या पुसलेल्या. खण प्लास्टिकसारखा दिसत होता. आईनं त्याला फोन लावला. “अरे, तोंडावरच्या सुरकुत्या काढल्यास तर काढल्यास, माझं काही म्हणणं नाही. कापडावरच्या परत घाल. घडीवरनं कळतं कापड कसलं आहे ते.” तो बिचारा आधी हसला, मग मूळ फोटोंवर पुन्हा बसला आणि घड्या परत आल्या. चेहऱ्यांच्या सुरकुत्याही त्यानं परत आणल्या होत्या, न सांगता. मला तो मुलगा तेव्हा आवडला.

त्या फोटोत बाबा ताठ दिसतात. पाहुणे म्हणतात, वय दिसत नाही हो यांचं. फोटोग्राफरचीही स्तुती होते. पाठीतल्या त्या पट्टीबद्दल कुणी विचारत नाही, आणि विचारलं नाही यातच शिवणाऱ्याचं यश आहे असं आई मानते. मला ते तितकंसं पटत नाही. जुन्या फोटोंच्या पुठ्ठ्यावर मागे स्टुडिओचा ठसठशीत शिक्का असतो. नाव, गाव, पत्ता. अंगावरचे कपडे कुणी बेतले, कुणी शिवले, याचा मागमूस नसतो.

आमच्या अल्बममधल्या फोटोंमागे मी आता पेन्सिलीनं आईचं नाव लिहायला घेतलं आहे. तुमच्या घरातही कुणी शिवत असेल, किंवा गल्लीतल्या एखाद्या ताईंनी तुमचे लग्नाचे ब्लाउज शिवले असतील, तर तेवढं नाव लिहून ठेवा. पेन्सिलीनंच लिहा, शाई पलीकडे उमटते.